आणि मग फादर बोलू लागतात

आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहाला लागून एक अरुंद खोली आहे. पूर्वी तीत नाताळच्या गोठ्याचे सामान, पाय मोडलेल्या खुर्च्या आणि मिरवणुकीच्या छत्र्या रचून ठेवलेल्या असत. चार वर्षांपूर्वी आमची येथे बदली झाली. पहिल्याच पावसात त्या खोलीचे छप्पर गळले, सामान बाहेर काढावे लागले आणि रिकामी खोली पाहून मुलांसाठी वाचनालय काढण्याची कल्पना आमच्या मनात आली. एका कुटुंबाने दोन लोखंडी कपाटे दिली. निवृत्त शिक्षक असलेल्या एका दांपत्याने घरची पुस्तके दिली. काही आम्ही स्वतः दादरला जाऊन निवडून आणली. रविवारी सकाळची मिस्सा आणि त्यानंतरचा धर्मशिक्षणाचा वर्ग आटोपला की तासभर ही खोली उघडी राहू लागली.

वाचनालय म्हटले की नियम आले, आणि नियम करण्याची हौस आम्हांला सेमिनरीपासूनच आहे. पुस्तक आठ दिवसांत परत करावे, पानांचे कोपरे दुमडू नयेत, आणि पुस्तक परत करताना त्याविषयीचा आपला अभिप्राय वहीत लिहावा. हा तिसरा नियम आमच्या विशेष अभिमानाचा होता. त्यासाठी आम्ही दोनशे पानांची जाड पुठ्ठ्याची वही आणली आणि तिच्यावर ठळक अक्षरांत 'अभिप्रायवही' असे लिहिले.

सहा महिन्यांनी एका दुपारी ती वही घेऊन आम्ही व्हरांड्यात बसलो. पहिले पान वाचले, दुसरे वाचले, दहावे वाचले. सर्व पानांवर एकच मजकूर होता. 'हे पुस्तक मला खूप आवडले. यातून आपल्याला चांगला बोध मिळतो. हे पुस्तक सर्वांनी वाचावे.' अक्षर तेवढे निरनिराळे. कोणी 'खूप' ऐवजी 'फारच' लिहिले होते, कोणी 'बोध' ऐवजी 'संदेश'. एका मुलाने ज्या पुस्तकाची अशी मुक्तकंठाने स्तुती केली होती ते आम्ही कपाटातून काढून पाहिले, तर त्याची आठ पाने बांधणाऱ्याने कापायचीच राहिली होती. ती एकमेकांना जोडलेली, आतून कोरी करकरीत, मनुष्याच्या दृष्टीस कधीही न पडलेली अशी होती.

आम्हांला प्रथम हसू आले आणि मग थोडी शरमही वाटली. मुले खोटे बोलत नव्हती. ती परीक्षा देत होती. धड्याखाली 'या पाठातून तुम्हांला कोणता बोध मिळतो' असा प्रश्न असतो, त्याचे उत्तर ती लिहीत होती. आणि वही कोणाच्या हातात जाणार, तर फादरांच्या.

मराठीत मुलांसाठी छापलेल्या पुस्तकांची परंपरा लहान नाही. सदाशिव काशिनाथ छत्रे यांचे 'बाळमित्र' १८२८ साली निघाले. ते बर्कां या फ्रेंच लेखकाच्या गोष्टींवरून, इंग्रजीच्या वाटेने मराठीत आलेले. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ साली 'बालबोध' मासिक सुरू केले, वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ साली 'आनंद' काढले आणि १९७१ साली बालभारतीचे 'किशोर' आले. आमच्या लहानपणी 'किशोर'चा अंक घरी आला की आम्हां भावंडांत ओढाताण होई. ही सर्व मंडळी मुलांवर मनापासून प्रेम करणारी, त्यांच्यासाठी झिजणारी होती. परंतु मुलाला काय आवडेल आणि काय आवडले पाहिजे, हे मोठ्यांनी ठरवायचे आणि मुलाने होकार भरायचा, ही रीत इतकी जुनी आहे की ती रीत आहे हेच आमच्या ध्यानात येत नसे.

वही बंद करून आम्ही नवा बेत केला. लिहायचे नाही, बोलायचे. सभागृहातली सतरंजी खोलीत अंथरली, आम्हीही खुर्ची सोडून मुलांबरोबर खाली बसलो. गुडघ्यांनी तक्रार केली, तिकडे दुर्लक्ष केले. ज्याने पुस्तक वाचले त्याने ते हातात धरून त्याविषयी बोलायचे, इतरांनी ऐकायचे, प्रश्न विचारायचे.

पहिले दोन रविवार मौनाचे गेले. एखाद्या मठातही इतकी शांतता नसेल. तिसऱ्या रविवारी 'तोत्तोचान' निघाले. तेत्सुको कुरोयानागी या जपानी लेखिकेने आपल्या शाळेच्या आठवणी त्यात सांगितल्या आहेत. मूळ पुस्तक १९८१ सालचे, आणि चेतना सरदेशमुख गोसावी यांनी ते सुरेख मराठीत आणले आहे. त्यातली तोमोई शाळा रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरते, हे वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. जगभरची मुले त्या डब्यांवर लुब्ध होतात. आमचा पाचवीतला एक मुलगा मात्र पुस्तक हातात धरून बराच वेळ विचार करीत बसला आणि म्हणाला, "फादर, मला हे काही पटले नाही. माझे बाबा रोज चर्चगेटला जातात. ते म्हणतात, डब्यात एका पायावर उभे राहायलाही जागा नसते. तिथे शाळा कशी भरेल?"

सर्व मुले हसली. मुली हसल्या, धर्मशिक्षिका हसल्या. त्या हास्याने जे कुलूप उघडले ते मग बंद झाले नाही. दुसरा म्हणाला, डबा रिकामा असतो, गाडी उभी असते. तिसरी म्हणाली, पहिल्या दिवशी तो डबा आणला कसा, हे मुले रात्री जागून पाहतात तेच तिला सर्वांत जास्त आवडले. कोणी विचारले, ती शाळा अजून आहे का? नाही, १९४५ साली विमानांनी टाकलेल्या बाँबमध्ये ती जळाली, असे आम्ही सांगितले, तेव्हा रेल्वेला नावे ठेवणारा तो मुलगाच सर्वांत अधिक हिरमुसला.

त्यानंतरचे रविवार आम्ही सहसा विसरणार नाही. भा. रा. भागवतांच्या फुरसुंगीकर फास्टर फेणेवर चर्चा झाली. पुस्तक आवडले, पण गोष्टींतले चोर आपले बेत एवढ्या मोठ्याने का बोलतात, मुलांना सगळे ऐकू जाते हे त्यांना कळत कसे नाही, असा एकाने आक्षेप घेतला. माधुरी पुरंदरे यांचे चित्रांचे पुस्तक वाचून दुसरीतली एक चिमुरडी म्हणाली, "यातली माणसे सुंदर नाहीत, म्हणून ती खरी वाटतात." एवढे नेमके रसग्रहण आम्ही मोठ्या समीक्षकांकडूनही क्वचित ऐकले आहे.

आणखी एक गोष्ट त्या सतरंजीवर आमच्या लक्षात आली. आमची बहुतेक मुले आता इंग्रजी माध्यमाच्या शाळांत जातात. मराठी पुस्तक ती बोट ठेवून, सावकाश वाचतात. शाळेत इंग्रजी, पुस्तकात प्रमाण मराठी आणि घरी आपली बोली, अशा तीन ओसऱ्या त्यांना रोज ओलांडाव्या लागतात. वहीत लिहिताना ती दुसऱ्या ओसरीवर उभी राहून पाठ केलेले बोलत होती. सतरंजीवर रंगात आली की ती नकळत घरच्या बोलीत शिरत. त्या बोलीत बोलताना 'बोध' हा शब्द एकदाही कोणाच्या तोंडी आला नाही. कोणाला राग आला, कोणाला कंटाळा आला, कोणाला रात्री स्वप्न पडले, एवढेच ऐकू आले.

लंडनमध्ये स्टॅन्ली अन्विन नावाचे एक प्रकाशक होते. मुलांसाठी आलेली हस्तलिखिते ते आपल्या मुलाला वाचायला देत आणि लेखी अभिप्रायाबद्दल त्याला एक शिलिंग देत. १९३६ साली दहा वर्षांच्या त्या मुलाकडे एका प्राध्यापकाचे हस्तलिखित आले. त्याने ते वाचले आणि पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना हे आवडेल, असा निकाल गंभीरपणे देऊन टाकला. त्या निकालावर पुढच्या वर्षी टोल्किन यांचे 'हॉबिट' छापले गेले. नऊ वर्षांच्या पलीकडच्या किती लोकांनी ते वाचले, हा भाग निराळा. ही हकिकत आम्ही मुलांना सांगितली, तेव्हा आपल्याला किती रुपये मिळणार, अशी चौकशी तत्काळ झाली. आम्ही विषय बदलला.

इथवर सारे गोड होते. वाचक म्हणतील, फादरांचा उपक्रम यशस्वी झाला, आता अहवाल संपवावा. परंतु जे सांगण्यासाठी आम्ही लेखणी घेतली ते पुढेच आहे.

एका रविवारी 'श्यामची आई' निघाले. या पुस्तकाशी आमचे नाते साधे नाही. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि १९३५ साली ते प्रसिद्ध झाले, हे आम्ही पुढे शिकलो. त्याआधी ते आमच्या आईचे पुस्तक होते. आई चौथी इयत्ता शिकलेली. वाडीतले काम आवरून, फुलांच्या पाट्या बांधून झाल्या की ती दिव्याजवळ बसे आणि आम्हांला म्हणे, "वाच रे, श्यामचे काय झाले?" आम्ही वाचत असू आणि ती पदराने डोळे पुसत असे. आम्ही सेमिनरीत निघालो त्या दिवशी तिने आमच्या ट्रंकेत दोनच पुस्तके ठेवली. एक प्रार्थनेचे आणि दुसरे हे.

पुस्तक हातात घेऊन बोलणार होती ती सहावीतली मुलगी, बावखलाकाठच्या आळीतली. मितभाषी, पण बोलली की नेमके बोलणारी. बाहेरच्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे की बावखल म्हणजे आमच्या वसईतले गोड्या पाण्याचे तळे. पूर्वजांनी वाड्या शिंपण्यासाठी अशी तळी खणून ठेवली. आता कित्येक बुजवली गेली, पण जी आहेत तिथे अजूनही मुले केळीचे बुंधे छातीशी धरून पोहायला शिकतात.

ती म्हणाली, "मला हे पुस्तक आवडले, पण पोहायच्या गोष्टीत श्यामची आई आवडली नाही. त्याला भीती वाटत होती. तो लपून बसला होता. आईने त्याला मारले आणि विहिरीवर पाठवले. मग तो पोहायला शिकला, म्हणून सगळे म्हणतात आईचे बरोबर. पण तो शिकला नसता तर?"

खोली क्षणभर स्तब्ध झाली. दोघा-तिघांनी माना वळवून आमच्याकडे पाहिले. धर्मशिक्षिकांनीही पाहिले. आणि आम्ही बोललो.

आम्ही पुष्कळ बोललो. आईच्या मारात माया असते, हे सांगितले. साने गुरुजींचे थोर जीवन सांगितले. मुलाला कोणी भित्रा म्हणावे हे त्या माउलीला सहन होत नव्हते, हे समजावले. 'आपल्या आईबापांचा मान राख' ही चौथी आज्ञा आली. आमची आई आली, दिवा आला, ट्रंक आली. सेमिनरीत प्रवचनशास्त्र शिकविताना तीन मुद्दे मांडावे असे सांगत असत. आम्ही पाच मांडले. दहा-बारा मिनिटे सहज झाली असतील. शेवटी आम्ही मोठ्या वात्सल्याने विचारले, "आता पटले ना, बाय?"

ती म्हणाली, "हो, फादर." आणि पुस्तक खाली ठेवून बसली.

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मिस्सेला दिसे, वर्गाला असे, पण वाचनालयाच्या वेळी घरी निघून जाई. आम्ही ते पाहिले आणि फारसे मनावर घेतले नाही. मुले येतात, मुले जातात. मात्र सतरंजीवरचे वारे थोडे बदलले होते. बोलण्याआधी मुले आमच्या चेहऱ्याकडे पाहू लागली. एकाने तर एका गोष्टीची तक्रार करता करता मध्येच थांबून, "पण बोध चांगला आहे," असे जोडून दिले. त्या शब्दाची आणि आमची पुन्हा गाठ पडली.

तिसऱ्या रविवारी आमचे डोळे उघडले, आणि ते उघडणाऱ्याला त्याची वार्ताही नव्हती.

तरुणपणी, धर्मगुरू होऊन दोन-तीन वर्षे झाली असतील, तेव्हा आम्ही मुलांसाठी गोष्टींचे एक छोटे पुस्तक लिहिले होते. बारा गोष्टी, पाचशे प्रती. त्यांतल्या बऱ्याच अजून आमच्याच कपाटाच्या माथ्यावर आहेत. एक प्रत वाचनालयात कशीबशी पोहोचली होती. तिचे मुखपृष्ठ कधीच फाटून गेले होते, आणि त्याबरोबर लेखकाचे नावही. चर्चगेटच्या गाडीवाला तो मुलगा तेच पुस्तक हातात धरून उभा राहिला.

"याच्यात बारा गोष्टी आहेत," तो म्हणाला. "सुरुवात बरी असते. एका गोष्टीत मुलगा आंबे चोरायला भिंतीवर चढतो, ते मस्त आहे. पण प्रत्येक गोष्टीत असेच होते. मजा यायला लागली की एक फादर येतात, आणि मग फादर बोलू लागतात. ते बोलत सुटतात. मुलगा रडतो, माफी मागतो आणि गोष्ट संपते. भिंतीवरचा आंबा कोणी खाल्ला ते सांगितलेच नाही."

धर्मशिक्षिकांना लेखक कोण हे माहीत होते. त्यांनी घाईघाईने खिडकीबाहेर पाहिले. आमच्या तोंडून शब्द फुटेना. लेखकाचा राग आला असे म्हणावे, तर तोही आला नाही. वीस-पंचवीस वर्षांत त्या पुस्तकाचे दोन-तीन परिचय छापून आले होते, सर्वांनी ते 'संस्कारक्षम' म्हटले होते. आम्ही मुकाट्याने पुस्तक हातात घेतले, पाने उलटली. मुलगा म्हणत होता ते अक्षरशः खरे होते. बारांपैकी अकरा गोष्टींत फादर येत होते. बाराव्या गोष्टीत सिस्टर येत होत्या.

आणि तेव्हा आम्हांला ती मुलगी आठवली. एक मुलगी बोलत होती. मजा यायला लागली होती, खरे काही बोलले जात होते. मग फादर आले.

डॉन बॉस्को आमच्याहून शहाणे होते. मुलांसाठी पवित्र शास्त्रातला इतिहास लिहायला घेतला तेव्हा त्यांनी त्यातले प्रसंग आधी निरनिराळ्या मुलांना सांगून पाहिले आणि त्यांच्या मनावर काय उमटते त्याची नोंद ठेवली, मग पुस्तक लिहिले. १८४७ साली निघालेल्या त्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यांनी स्वतःच हे सांगितले आहे. सेमिनरीत आम्ही त्यांचे चरित्र वाचले होते. त्यांची शिस्त, त्यांची प्रेमळ वाणी आम्ही टिपून घेतली. ते गप्प बसून ऐकत असत, हे टिपायचे राहिले. तसेच मंदिरातल्या बारा वर्षांच्या येशूवर आम्ही आजवर किती प्रवचने केली असतील! तो गुरुजनांना प्रश्न विचारीत होता हे दर वेळी सांगितले. त्या गुरुजनांनी त्याला विचारू दिले, मध्येच त्याला चौथी आज्ञा सुनावली नाही, हे कधी सुचले नाही. पाहा, आम्ही पुन्हा प्रवचनाकडे वळलो. सवय लवकर जात नाही.

त्याच संध्याकाळी आम्ही बावखलाकाठच्या आळीत गेलो. मुलीचे आईवडील वसई रोडला एका नातलगाकडे गेले होते. आजी ओटीवर बसून मोगऱ्याच्या कळ्या निवडत होती. आम्हांला पाहून ती लगबगीने उठली, आत हाक मारली आणि आम्ही विषय काढण्याआधीच म्हणाली, "फादर, पोरीला माफ करा. तुम्हांला उलट बोलली म्हणे. मी तिला चांगली रागावले."

मुलगी दारात उभी होती. ती खाली पाहून, पण स्पष्ट म्हणाली, "मी उलट नव्हते बोलले. फादरांनीच विचारले होते, पुस्तक कसे वाटले म्हणून."

आजी तिच्यावर डाफरणार होती, आम्ही हाताने थांबवले. ओटीवरून बावखल दिसत होते. पाण्यावर शेवाळ धरले होते, काठाला नवे लोखंडी कुंपण होते. त्या कुंपणाकडे आम्ही पाहिले आणि आमच्या छातीत धस्स झाले. ते कुंपण केव्हा घातले, हे आम्हांला माहीत होते. दोन पावसाळ्यांपूर्वी याच आळीतला नऊ वर्षांचा एक मुलगा येथे बुडाला. मोठी मुले त्याला भित्रा म्हणून चिडवीत. एका दुपारी कोणी नसताना तो एकटाच केळीचा बुंधा घेऊन पाण्यात उतरला. त्याचा अंत्यविधी आम्ही केला होता. त्याचे प्रवचन आम्ही केले होते. या मुलीचे घर त्याच्या घराला लागून आहे, हेही आम्हांला ठाऊक होते. सारे ठाऊक असूनही त्या रविवारी, ती 'तो शिकला नसता तर' असे म्हणाली तेव्हा आम्हांला आमच्या आईचा दिवा आठवला, हे पाणी आठवले नाही.

आम्ही ओटीच्या पायरीवर बसलो. काय बोलावे ते सुचेना, आणि त्या दिवशी न सुचणे हीच देवाची कृपा होती. थोड्या वेळाने आम्ही एवढेच म्हणालो, "तू विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही दिले नाही."

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुम्ही दिले असते तरी चालले नसते. मला फक्त सांगायचे होते." आणि थोडे थांबून, "श्यामची आई वाईट आहे असे मी नव्हते म्हटले. ती गोष्ट वाचताना मला भीती वाटली, एवढेच."

आजीच्या हातातल्या कळ्या थांबल्या होत्या. तिने नातीला जवळ ओढून घेतले आणि आमच्यासमोर, आमची भीड न बाळगता, तिचे डोके कुरवाळत बसली.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. मुलगी लगेच आली नाही. एक महिना गेला, मग एका रविवारी आपल्या धाकट्या भावाला पोहोचवायला म्हणून आली आणि दाराशीच टेकली. त्या दिवशी योगायोगाने पुन्हा 'तोत्तोचान'वर बोलणे चालले होते. शाळेत नाव घालण्याच्या पहिल्या दिवशी मुख्याध्यापक कोबायाशी त्या लहान मुलीचे बोलणे चार तास ऐकतात, हा प्रसंग कोणी सांगत होते. एकाने विचारले, चार तास कोणी ऐकते काय? दाराशी बसलेली ती म्हणाली, "ऐकत असतील. त्यांना मध्ये मिस्सा नसेल." सर्व हसले. आम्हीही हसलो, जरा उशिरा.

काही पालकांचे समाधान अजून झालेले नाही, हे नमूद केले पाहिजे. एका सद्गृहस्थांनी आम्हांला भेटून विचारले, "फादर, आता मुलांनी श्यामच्या आईची चूक काढायची का? उद्या आमचीही काढतील." आम्ही म्हणालो, काढतील. आज काढत नाहीत असे तुम्हांला वाटते काय? ते हसले, पण पटले नाही, आणि त्यांची काळजी अगदीच निराधार आहे असे आम्हीही म्हणणार नाही. प्रत्येक मताला सारखे वजन असते, असे आमचे मत नाही. न वाचता केलेली टीका आम्ही चालवून घेत नाही, आणि पुस्तकाचा आधार कुठे आहे ते पानासह दाखवायला लावतो. परंतु मुलाला जे वाटले ते त्याला वाटलेच नाही, असे त्याला पटवून देण्याचा अधिकार आम्हांला कोणत्या दीक्षेने मिळाला, ते आम्हांला सापडलेले नाही.

आमचे बारा गोष्टींचे पुस्तक त्या मुलाला आम्ही अखेर लेखकाच्या नावासह सांगून टाकले. तो पांढराफटक पडला. मग धीर करून म्हणाला, "फादर, मग आता सांगा ना, आंबा कोणी खाल्ला?" लिहिताना आम्ही त्याचा विचारच केला नव्हता. आम्ही प्रामाणिकपणे तसे सांगितले. तेव्हा त्यानेच ठरवले की आंबा माळ्याच्या मुलीने खाल्ला असणार, कारण ती खाली उभी होती. गोष्टीत माळ्याला मुलगी नाही. आता आहे.

अभिप्रायवही आम्ही पुन्हा बाहेर काढली आहे, पण सक्ती नाही, आणि ती फादरांच्या टेबलावर नसते, कपाटाला दोरीने बांधलेली असते. ज्याला लिहायचे तो लिहितो, कोणत्याही भाषेत, नाव घालून वा न घालता. 'श्यामची आई'च्या पानावर त्या मुलीने आपला प्रश्न पेन्सिलने लिहून ठेवला, जसा बोलली होती तसाच. काही दिवसांनी त्याखाली लाल शाईत कोणा मोठ्या माणसाच्या अक्षरात चौथी आज्ञा उमटली. अक्षर आम्ही ओळखले, खोडले नाही. त्याखाली एका मुलाने लिहिले, 'आईचे बरोबर होते. मला माझ्या बाबांनी असेच ढकलले आणि मला आता पोहता येते.' त्याखाली दुसऱ्या हाताने लिहिले आहे, 'बाबा स्वतः पाण्यात होते का?' आणि उत्तर, 'हो. कमरेपर्यंत.'

सर्वांत खाली, गेल्या पंधरवड्यात, मुलीच्याच अक्षरात चार ओळी आल्या. त्या तिच्या आजीच्या आहेत. आजीला लिहिता येत नाही, म्हणून तिने नातीकडून लिहवून घेतल्या. नातीने आजीला पुस्तक रोज थोडे थोडे वाचून दाखवले, असे समजते. आजीचा अभिप्राय असा आहे की आमच्या वेळी पोरींना कोणी पोहायला शिकवत नसे, पोरी कपडे धुताना पडत आणि शिकत, आणि श्यामला मारले ते काही चांगले केले नाही, पण त्या बाईकडेही कोणी पाहिले पाहिजे, नवऱ्याचे कर्ज होते आणि घरात दुसरे कोणी ऐकणारे नव्हते.